इन्स्टॉल झालेलं म्युझिक सॉफ्टवेअर सी ड्राइव्हवरून डीवर हलवता येतं का? (लायब्ररी, प्लगइन, जुने प्रोजेक्ट सगळ्यासकट)

मंद्रसप्तक:

नमस्कार मंडळी,

लॅपटॉपवर विंडोज आहे आणि दोन ड्राइव्ह. सी २५६ जीबीचा (विंडोजच्या लेखी २३८), आणि नंतर बसवून घेतलेला डी, १ टीबीचा, तोही एसएसडी. सीवर आता ९ जीबी उरलेत, पट्टी लालभडक. डी जवळपास कोरा पडलाय, कारण संगीताचं सगळं सॉफ्टवेअर डी यायच्या आधीच सीवर बसलेलं होतं.

काय काय आहे ते सांगते. रीपर (रेकॉर्डिंग आणि जुळवाजुळवीचा प्रोग्रॅम, मुख्य काम यातच), एबलटन लाइव्ह (तशाच कामाचा दुसरा) आणि त्याचे पॅक (ध्वनींचे संच), कॉन्टॅक्ट (रेकॉर्ड केलेले वाद्यांचे ध्वनी वाजवणारा) आणि त्याच्या लायब्ररी, ऑम्निस्फिअर (मोठा सिंथ). शिवाय तीन जुने ३२ बिट सिंथ (कृत्रिम सूर तयार करणारी प्लगइन, म्हणजे रीपरसारख्या प्रोग्रॅमच्या आत चालणारे छोटे प्रोग्रॅम). हे फुकट मिळालेले, बनवणाऱ्याची साइट केव्हाच बंद झालीय आणि इन्स्टॉलर माझ्याकडे नाही. बाकी काही गेलं तर पुन्हा उतरवून घेता येईल, हे तीन गेले तर गेले. आणि माझ्या निम्म्या कामातला खालचा घुमारा त्यांतल्याच एकाचा आहे.

तर प्रश्न असा की हे सगळं उचलून डीवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवलं तर चालेल का? लायसन्स पुन्हा मागेल का? आणि मुख्य म्हणजे जुने प्रोजेक्ट उघडतील का? सध्या एका माहितीपटाचं पार्श्वसंगीत अर्ध्यावर आहे, त्यात साठेक ट्रॅक आहेत. ते प्रोजेक्ट उघडलं नाही तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

विंडोजच्या सेटिंगमध्ये ॲपच्या यादीत 'मूव्ह' असं बटण असतं म्हणतात. माझ्याकडे यांपैकी एकाही नावापुढे ते दिसत नाही. अजून कशालाही हात लावलेला नाही, आधी विचारतेय.

तिहाई:

'मूव्ह' बटण फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून आलेल्या ॲपना असतं. आपली बाकीची सगळी मंडळी त्यात बसत नाहीत, त्यामुळे शोधू नका.

रीपर मात्र खुशाल हलवा. त्याच्या इन्स्टॉलरमध्ये 'पोर्टेबल इन्स्टॉल' अशी खूण करायची चौकट असते. तिथे खूण करून डीवरचं फोल्डर दिलं की सेटिंगसकट सगळं त्या एकाच फोल्डरात राहतं. माझं तर बाहेरच्या ड्राइव्हवरच आहे, दोन कॉम्प्युटरवर तेच वापरतो. बाकीच्यांचं नुसतं कट-पेस्ट करू नका एवढंच सांगतो. का ते खर्जबुवा सविस्तर सांगतीलच, त्यांना राहवणार नाही.

खर्ज:

राहवत नाहीच.

रीपर हलवता येतं हे खरं, पण हलवून मिळणार काय? त्याचा इन्स्टॉलर एका गाण्याच्या वेव्ह फाइलपेक्षाही लहान असतो. प्रश्न सीवरच्या जागेचा आहे, तर जागा कुणी खाल्लीय ते आधी बघू. विनडिरस्टॅट किंवा विझट्रीसारखं एखादं छोटं साधन चालवा आणि मोठी फोल्डर कुठली ते इथे लिहा. पैजेवर सांगतो, 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये फारसं काही सापडणार नाही. संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅम बारका असतो, ध्वनी अवाढव्य. आणि ध्वनी हलवायला जवळपास प्रत्येक कंपनीने अधिकृत सोय करून ठेवलेली असते. म्हणून 'सॉफ्टवेअर हलवायचं' हे डोक्यातून काढा, ध्वनी हलवायचे आहेत.

प्रोग्रॅम का हलवू नये तेही सांगतो, म्हणजे रात्री मोह होणार नाही. इन्स्टॉलर एकाच फोल्डरात फाइली टाकून गप्प बसत नाही. तो रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, पत्ता लिहून ठेवतो. प्लगइन दुसरीकडेच जातं, व्हीएसटी३ (प्लगइनचं नवं स्वरूप) असेल तर 'प्रोग्रॅम फाइल्स'मधल्या 'कॉमन फाइल्स'मध्ये 'व्हीएसटी३' नावाच्या फोल्डरात. सगळ्यांसाठीची माहिती 'प्रोग्रॅमडेटा'त जाते, तुमची सेटिंग 'ॲपडेटा'त, आणि ही दोन्ही फोल्डर विंडोज लपवून ठेवतं. आता तुम्ही मुख्य फोल्डर उचलून डीवर ठेवलंत. कदाचित प्रोग्रॅम उघडेलही! फसगत तिथेच आहे. पुढचा अपडेट रजिस्ट्रीतला जुना पत्ता वाचून पुन्हा सीवर जाऊन बसेल, अनइन्स्टॉल करायला गेलात तर फाइल सापडत नाही म्हणेल, आणि तुमच्याकडे दीड प्रोग्रॅम होऊन बसेल. एखादा प्रोग्रॅम खरोखरच डीवर हवा असेल तर अनइन्स्टॉल करून नव्या जागी पुन्हा बसवणं हाच सरळ रस्ता.

व्हीएसटी३चं ते फोल्डर मात्र सीवरच राहू द्या. ती जागा त्या स्वरूपाच्या नियमातच ठरलेली आहे, होस्ट, म्हणजे प्लगइन चालवणारे रीपर-लाइव्हसारखे प्रोग्रॅम, तिथेच शोधतात. जुन्या व्हीएसटी२ला अशी ठरलेली जागा कधीच नव्हती, ज्याला जिथे वाटलं तिथे त्याने ठेवलं. तुमच्या तीन सिंथच्या बाबतीत हीच अव्यवस्था उपयोगी पडणार आहे, पण ते नंतर. आधी आकडे आणा.

मंद्रसप्तक:

तुमची पैज तुम्ही जिंकलात. हे घ्या:

कॉन्टॅक्टच्या लायब्ररी, पब्लिक डॉक्युमेंट्समध्ये: ८७ जीबी
ऑम्निस्फिअरचं 'स्टीम' नावाचं फोल्डर, प्रोग्रॅमडेटात: ६४ जीबी
लाइव्हचं फॅक्टरी पॅक्स, माझ्या डॉक्युमेंट्समध्ये: १८ जीबी
तीन जुने सिंथ मिळून: ११ एमबी (हो, एमबी!)

विंडोज धरून बाकी सगळं साठच्या आसपास. म्हणजे १६९ जीबी नुसते ध्वनीच आहेत. ते स्टीम फोल्डर बघून आधी वाटलं भाच्याने गेम टाकून ठेवलेत (गेम विकणाऱ्या ॲपचं नावही तेच).

मींड:

एवढा काथ्याकूट कशाला? जंक्शन करा आणि मोकळ्या व्हा. फोल्डर डीवर हलवायचं, सीवर जुन्या जागी त्याच नावाचं जंक्शन ठेवायचं. सॉफ्टवेअर जुना पत्ता विचारतं, विंडोज परस्पर डीवरचा माल हातात देतं. सॉफ्टवेअरला पत्ताही लागत नाही की फाइली दुसरीकडे आहेत. प्रोग्रॅमसुद्धा असेच हलवता येतात, खर्जबुवांनी घातलेली भीती जरा जास्तच आहे.

कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. एमकेलिंक, मग स्लॅश जे, मग जुना पत्ता, मग नवा पत्ता. नावात मोकळी जागा असेल तर पत्ते अवतरणचिन्हांत टाका. क्रम लक्षात ठेवा, सीवरचा आधी, डीवरचा नंतर. आणि जुन्या जागी त्या नावाचं फोल्डर शिल्लक असेल तर कमांड नकार देते, म्हणून आधी ते तिथून हललेलं पाहिजे.

खर्ज:

मींड, जंक्शन चालतं हे मला मान्य. मी स्वतः एका ठिकाणी वापरतो, जिथे कंपनीने जागा बदलायची काहीच सोय दिलेली नव्हती. तो शेवटचा उपाय म्हणून उत्तम आहे. पण पहिला उपाय म्हणून नको, आणि प्रोग्रॅमसाठी तर नकोच.

काही अपडेटर नवी आवृत्ती टाकण्याआधी जुनं फोल्डर पुसतात आणि नवं तयार करतात. तसं झालं की जंक्शन जातं, त्या जागी खरं फोल्डर येतं, आणि डीवर जुनी आवृत्ती अनाथ पडून राहते. तुम्हाला कळतं ते महिन्यांनी, सी पुन्हा भरल्यावर. काही बॅकअप प्रोग्रॅम जंक्शनमधून आत शिरून तोच माल दोनदा घेतात, फोल्डरचं आकारमान मोजणारी साधनंही कधी कधी तेच करतात. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे आपण कुठे काय जोडलंय ते आपल्यालाच आठवत नाही. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये पत्ता बदललेला असला तर तो तिथे लिहिलेला तरी दिसतो.

आता मंद्रसप्तकताई, तुमच्या यादीतल्या तिघांनाही अधिकृत वाट आहे, त्यामुळे जंक्शनची गरजच नाही.

कॉन्टॅक्टच्या लायब्ररी: फोल्डर डीवर कॉपी करा, सीवरच्या जुन्या फोल्डराच्या नावापुढे 'जुनं' जोडा, मग नेटिव्ह ॲक्सेस (कॉन्टॅक्टच्या कंपनीचं, लायब्ररी सांभाळणारं ॲप) उघडा. लायब्ररी सापडत नाहीत अशी तक्रार करेल. तिथेच प्रत्येकीची नवी जागा दाखवायची. पुढे येणाऱ्या लायब्ररी थेट डीवर जाव्यात म्हणून त्याच्या सेटिंगमध्ये कंटेंटचा पत्ताही बदलून टाका, नाहीतर पुढची खरेदी परत सीवर.

ऑम्निस्फिअर: याची तऱ्हा वेगळी. स्टीम फोल्डर डीवर न्यायचं, मग त्याचा साधा शॉर्टकट करून मूळ जागी, म्हणजे प्रोग्रॅमडेटातल्या स्पेक्ट्रासॉनिक्स फोल्डरात ठेवायचा. कंपनीच हे सांगते, जुगाड नाही. ग्यानबाची मेख अशी की विंडोज शॉर्टकट करताना नावाला 'शॉर्टकट' असं शेपूट जोडतं. ते काढून नाव नेमकं मूळ फोल्डरासारखं ठेवायचं, सगळी इंग्रजी अक्षरं मोठी. शेपूट राहिलं तर ऑम्निस्फिअरला काही सापडत नाही आणि लोक रात्रभर पुन्हा इन्स्टॉल करत बसतात.

लाइव्ह: बंद करा, फॅक्टरी पॅक्स डीवर न्या, उघडा, सेटिंगमधल्या लायब्ररीच्या पानावर पॅकची जागा बदला. तुमचे स्वतःचे प्रीसेट (जपून ठेवलेली ध्वनींची सेटिंग) असलेली यूजर लायब्ररीही तिथूनच हलते.

जुन्या फोल्डराचं नाव बदलायला मी सगळीकडे सांगतोय ते उगाच नाही. जुनं फोल्डर जागेवर आणि त्याच नावाने असेल तर सॉफ्टवेअर गुपचूप तिथूनच वाचत राहतं आणि आपल्याला वाटतं स्थलांतर झकास झालं. मग आपण जुनं पुसतो आणि बोंब होते. नाव बदलून उघडलं, वाजलं, तरच ते डीवरून वाजतंय. आणि कट-पेस्ट अजिबात नको, कॉपीच. मध्येच वीज गेली तर निम्मा माल इकडे, निम्मा तिकडे. सीवर कॉपीला जागा लागत नाही, डीवर ती आहे. एक्सप्लोररने कॉपी केलंत तरी चालेल, पण एवढ्या मालासाठी रोबोकॉपी ही विंडोजमधलीच कमांड बरी. कुठली फाइल गेली नाही ते शेवटी सांगतं आणि मध्ये थांबलं तर पुन्हा चालवल्यावर राहिलेल्यांपासून पुढे जातं.

मंद्रसप्तक:

हे इतकं स्पष्ट मला कुणीच सांगितलं नव्हतं. दोन शंका राहिल्या. लायसन्सचं काय? आणि ते साठ ट्रॅकचं प्रोजेक्ट?

खर्ज:

लायसन्स सहसा कॉम्प्युटरशी, खात्याशी किंवा आयलॉकसारख्या यूएसबी किल्लीशी बांधलेलं असतं, ध्वनी कुठल्या फोल्डरात आहेत त्याच्याशी नाही. विंडोज नव्याने टाकलंत तर गोष्ट वेगळी. इथे आपण लायसन्सच्या वाटेला जातच नाही.

प्रोजेक्टचं थोडं समजून घ्या. प्रोजेक्ट फाइल प्लगइनला त्याच्या ओळखक्रमांकाने ओळखते. व्हीएसटी२ला चार अक्षरांचा कोड असतो, व्हीएसटी३ला १२८ बिटांचा लांबलचक क्रमांक. प्लगइनची फाइल या फोल्डरातून त्या फोल्डरात गेली तरी हा क्रमांक तोच राहतो, म्हणून होस्टने नव्याने स्कॅन केलं की प्रोजेक्ट उघडतं. रीपर फाइलचं नावही बघतं, तेव्हा डीएलएलचं, म्हणजे प्लगइनच्या फाइलचं, नाव बदलू नका. 'नवीन', 'फायनल' असलं काही जोडू नका.

ध्वनींच्या फाइलींचं तसं नाही. त्यांचा पत्ता कधी पूर्ण लिहिलेला असतो, सीपासून सुरू होणारा. कंपनीच्या लायब्ररी नेटिव्ह ॲक्सेसमार्फत सापडतात, पण कॉन्टॅक्टमध्ये तुम्ही स्वतः बनवलेले पॅच (ध्वनी जुळवून जपून ठेवलेली वाद्यं) असतील तर ते 'सॅम्पल्स मिसिंग' म्हणून चौकट दाखवतील. त्या चौकटीत नवं फोल्डर शोधून द्यायचं. असे पॅच बरेच असतील तर कॉन्टॅक्टचा 'बॅच रिसेव्ह' वापरा, एका फोल्डरातले सगळे एका दमात दुरुस्त होतात. तो मूळ पॅचवरच लिहितो, त्यामुळे आधी त्या फोल्डराची प्रत काढायची.

आणि रीपरमध्ये रेकॉर्ड केलेला, इकडून तिकडून ओढून आणलेला ऑडिओ आहे ना? हलवाहलवीआधी 'सेव्ह ॲज' करताना सगळा मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरात कॉपी करा अशी खूण असते, ती करून एक नवी प्रत ठेवा. लाइव्हमध्ये त्यालाच 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह' म्हणतात.

खरं तर मला विचाराल तर काम सुपूर्द होईपर्यंत थांबा. तेवढा धीर नसेल तर निदान साठही ट्रॅकचे स्टेम, म्हणजे प्रत्येक ट्रॅकची वेगळी ऑडिओ फाइल, रेंडर करून ठेवा. मग प्लगइन रुसले तरी संगीत तुमच्या हातात आहे.

तिहाई:

स्टेमबद्दल +१. मी तर प्रत्येक काम संपल्यावर स्टेम काढतोच, प्लगइनचा काय भरवसा.

मंद्रसप्तक:

धीर नाही, ९ जीबीत रेकॉर्डिंगच होत नाहीये. स्टेम काढते. आणि माझ्या त्या तीन सिंथचं सांगायचं राहिलं, 'नंतर' म्हणाला होतात.

खर्ज:

११ एमबीसाठी ते हलवायची गरज नाही, पण या निमित्ताने त्यांची नीट व्यवस्था लावा, कारण ते परत मिळणार नाहीत.

अशा जुन्या फुकट सिंथमध्ये बहुतेक वेळा एकच डीएलएल फाइल असते आणि शेजारी एखादं प्रीसेटचं फोल्डर. रजिस्ट्रीत काही लिहीत नाहीत. म्हणजे यांना कट-पेस्टचा नियम लागू नाही, हे खरोखर उचलून ठेवता येतात. डीवर एक फोल्डर करा, डीएलएल आणि शेजारचं सगळं त्यात कॉपी करा. रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये प्लगइनखाली व्हीएसटीच्या पानावर पत्त्यांची यादी असते, त्यात हे फोल्डर जोडा. जुन्या जागेवरची प्रत तिथून काढून बाजूला ठेवा, मग कॅश साफ करून पुन्हा स्कॅन करा. दोन्हीकडे प्रत ठेवलीत तर रीपर कुठली उचलतंय ते कळणार नाही.

६४ बिट रीपर ३२ बिट प्लगइनला स्वतःचा पूल बांधून देतं, म्हणून तुमचं चाललंय. लाइव्ह तसं करत नाही, तिथे हे दिसणार नाहीत.

आणखी एक कोपरा तपासाच. हे सिंथ पूर्वी एखाद्या जुन्या ३२ बिट होस्टमधून वापरले होते का? व्हिस्टापासून विंडोज असं करतं की जुन्या धाटणीचा ३२ बिट प्रोग्रॅम 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये काही लिहायला गेला की त्याला नकार न देता ती फाइल परस्पर तुमच्या ॲपडेटातल्या 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरात टाकतं. प्रोग्रॅमला वाटतं मूळ जागीच लिहिलं. तुम्ही मूळ फोल्डर कॉपी केलंत तर तुम्ही बनवलेले प्रीसेट त्यात नसतातच! ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर असं आत जाऊन बघा.

मींड:

हे व्हर्च्युअलस्टोअर मला माहीत नव्हतं. आत्ता उघडून बघितलं तर एका जुन्या सॅम्पलरचे माझे प्रीसेट तिथे निवांत बसलेत, मी ते गेले असं धरून चाललो होतो. खर्जबुवा, साष्टांग दंडवत. जंक्शनचा हट्ट मागे घेतो (प्रोग्रॅमपुरता).

अवांतर: डी लॅपटॉपच्या आतच बसवलेला आहे म्हणून ठीक. कुणी हे वाचून बाहेरच्या ड्राइव्हवर ध्वनी नेणार असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्याला एक अक्षर कायमचं देऊन ठेवा. आज ई, उद्या एफ झालं की सगळे पत्ते चुकले. आणि ड्राइव्ह एफएटी३२ नको, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

मंद्रसप्तक:

झालं! सीवर आता १७८ जीबी मोकळे आहेत... म्हणजे होतील, 'जुनं' नावाची फोल्डर अजून पुसलेली नाहीत.

लाइव्हचे पॅक विनातक्रार गेले. ऑम्निस्फिअरच्या शॉर्टकटला विंडोजने शेपूट लावलंच होतं, ते काढलं आणि पहिल्याच पॅचला आवाज आला. कॉन्टॅक्टमध्ये कंपनीच्या लायब्ररी ठीक, माझ्या स्वतःच्या पियानोच्या पॅचने मात्र फाइली हरवल्याची चौकट दाखवली. फोल्डरची प्रत काढून बॅच रिसेव्ह केलं. त्यानंतर तो पॅच पूर्वीपेक्षा लवकर उघडतोय, हा भास आहे की काय?

माहितीपटाचं प्रोजेक्ट उघडलं. साठही ट्रॅक जागेवर. खालचा घुमारा सुद्धा. आणि व्हर्च्युअलस्टोअरमध्ये त्याच सिंथची एक प्रीसेट बँक सापडली, ती मी बनवल्याचं मलाच आठवत नाही. ऐकतेय.

'जुनं' आता पुसू का?

खर्ज:

भास नाही. रिसेव्ह केल्यावर पॅचमध्ये नवे पत्ते लिहिले जातात, त्यामुळे कॉन्टॅक्टला शोधाशोध करावी लागत नाही.

पॅकचं आणि ऑम्निस्फिअरचं 'जुनं' पुसा, रेकॉर्डिंगला ८२ जीबी मिळाले की पुरे. कॉन्टॅक्टचं काम सुपूर्द होईपर्यंत राहू द्या. तुम्ही अजून न उघडलेल्या एखाद्या प्रोजेक्टमध्ये तुमचाच आणखी एखादा पॅच सीचा पत्ता धरून बसलेला असू शकतो. आणि पुसण्याआधी नेटिव्ह ॲक्सेसच्या सेटिंगमधला कंटेंटचा पत्ता खरंच डी दाखवतोय का ते बघा. तुम्ही ते केल्याचं वरती कुठे लिहिलेलं नाही.

मंद्रसप्तक:

बघितलं. सी दाखवत होता. बदलला.